कपाळावरचे आकडे

२ डिसेंबर

पुण्याच्या डॉक्टरांनी रोज लिहायला सांगितलं आहे. काय लिहायचं ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

साठ दिवसांची रजा. काल रत्नागिरीत पोचलो. त्याआधी चौदा महिने परदेशात होतो, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवरच्या आपल्या सैन्याच्या फील्ड हॉस्पिटलात, सर्जन म्हणून. त्या देशात यादवी युद्ध चालू आहे. दोन्हीकडचे लोक एकच भाषा बोलतात, एकाच नदीचं पाणी पितात. जखमी आला की तो कोणाच्या बाजूचा हे विचारायचं नाही. तिथली तेवढी एकच गोष्ट मला सोपी वाटली.

घरात वडील, म्हणजे आप्पा, आणि बायको सावनी. आप्पांनी विचारलं, तिकडे जेवणाचं काय होतं. सावनीने काही विचारलं नाही.

झोप ठीक. हात स्थिर.

५ डिसेंबर

आप्पांबरोबर बागेत गेलो. मोहोर फुटायला लागला आहे. फवारणीवाले आज येतो म्हणाले आणि आले नाहीत, म्हणून आप्पा सकाळपासून चिडलेले. चढण चढताना ते दोनदा थांबले. चौऱ्याहत्तर वर्षं, हृदयात दोन स्टेंट. थांबले की कलमाच्या खोडावर हात ठेवतात आणि मोहोर बघत असल्यासारखं करतात.

गड्यांसमोर त्यांनी मला शहाळं सोडून सुका नारळ सोलायला दिला. जमला नाही.

"एवढी माणसं कापलीस, नि एक नारळ सोलता येत नाही तुला," आप्पा म्हणाले.

गडी हसले. मीही हसलो.

७ डिसेंबर

सावनीच्या मैत्रिणीकडे साखरपुडा. पंगतीत माणसं एका ओळीत बसली होती. वाढपी येईपर्यंत माझी ओळ पूर्ण झाली. तीन, तीन, दोन, तीन, एक.

एक म्हणजे आत्ता घ्यायचा. दोन म्हणजे थांबू शकतो. तीन म्हणजे चालू शकतो. शून्य म्हणजे त्याच्यावर वेळ घालवायचा नाही, तेवढ्या वेळात दुसरे दोघे वाचतील. सैन्यात यासाठी रंगीत चिठ्ठ्या असतात. आमच्या तिकडे तिसऱ्या महिन्यात संपल्या. मग मी मार्करने लिहायला लागलो. दंडावर लिहिलं तर रक्ताने जातं. कपाळ एकदा पुसून घेतलं की त्यावर राहतं.

ओळीच्या टोकाला आप्पा होते. शून्य. गोळी लागलेला धडधाकट माणूस बाहेर थांबला असता तर मी आप्पांवर अर्धा तासही दिला नसता.

सावनीने विचारलं, काय मोजतोयस. काही नाही म्हणालो. ही धंद्याची सवय आहे. गवंडी दुसऱ्याच्या घरी गेला तरी भिंतीचा ओळंबा बघतोच.

८ डिसेंबर

सावनीने धुवायला टाकायच्या शर्टातून मार्कर काढून टेबलावर ठेवला. मी तो दुसऱ्या शर्टाच्या खिशात ठेवला.

११ डिसेंबर

क्रमाने लिहितो.

साडेनऊला मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर गेलो. सावनीला सौंदाळे हवे होते. लिलाव संपत आला होता. मोठा आवाज झालाच नाही. लांबवर कुणीतरी नळ सोडल्यासारखा फुसकारा, मग वास, मग डोळ्यांत पाणी. बर्फाच्या कारखान्यातून माणसं बाहेर पळत आली. काही दारातच पडली. अमोनिया.

ट्रॉलरवरच्या झेंड्यावरून वारा पाहिला आणि सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेलं. मासे धुवायच्या नळ्या मागवल्या. डोळे धुवा, कपडे काढा, पाणी थांबवू नका. कोळणींनी घमेल्यांनी पाणी ओतलं. कोणीही मला तू कोण असं विचारलं नाही. तिकडेही विचारत नसत.

अकरा जण. मार्कर खिशातून काढलेला मला आठवत नाही. तो हातात होता.

अकरावा महिपत. नाव नंतर कळलं. चाळिशीचा, कॉम्प्रेसरवर काम करणारा. सगळे बाहेर पळाले तेव्हा तो व्हॉल्व्ह बंद करायला आत गेला. व्हॉल्व्ह बंद झाला. त्याला दोघांनी पाय धरून ओढून आणलं. भान नव्हतं. श्वास मिनिटाला सहा, घशात घरघर, तोंडाला फेस, मानेची कातडी ओल्या कागदासारखी. नाडी होती. मी त्याचं कपाळ पुसलं आणि शून्य काढलं. चार सेकंद लागले असतील.

रुग्णवाहिका एकच आली, एका मंडळाची. चालकाचं नाव विनोद, पन्नाशीचा माणूस. इस्पितळ तीन किलोमीटरवर. पहिल्या खेपेला एक आकड्याचे तिघे आणि दोनचा एक नेला. दुसऱ्या खेपेला त्याने स्ट्रेचर महिपतजवळ टेकवलं. मी म्हणालो, तो नाही, हिला घे. मासे निवडणारी एक बाई होती, संस्कृती नावाची. बसली होती, डोळे लाल, रडत होती. तिच्या कपाळावर दोन होतं.

"साहेब, हा शेवटचे श्वास घेतोय," विनोद म्हणाला.

"म्हणूनच," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बाईला घेतलं. सगळे माझं ऐकत होते. मला सगळं कळतं असं त्यांना वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं.

तिसऱ्या खेपेला मी हात धूत होतो. विनोदने कोणाला न विचारता महिपतला गाडीत घातलं. अपघातापासून पन्नास मिनिटं झाली होती. मी त्याला अडवलं नाही. बाकी कोणी घेण्यासारखं उरलं नव्हतं.

घरी आल्यावर सावनीने मासे कुठे असं विचारलं नाही. हात स्थिर.

१२ डिसेंबर

पेपरात आलं. सैन्यातल्या डॉक्टरने दहा प्राण वाचवले. आप्पांनी तीन अंक आणले, एक मुंबईला आत्याकडे पाठवायला.

इस्पितळातल्या भूलतज्ज्ञ डॉ. ज्ञानेश्वरी यांचा फोन आला. दहाही जण ठीक आहेत, सहा आज घरी जातील. अकरावा काल दुपारी चारला गेला. त्या म्हणाल्या, आल्या आल्या नळी घालायला बघितली, पण घसा सुजून बंद झाला होता, गळ्याला छेद देऊन घालावी लागली, तोवर मेंदूचा प्राणवायू गेला होता. थोडा आधी हाती लागला असता तर बघता आलं असतं, म्हणाल्या. त्यांना मला काही सुचवायचं नव्हतं. एका डॉक्टरने दुसऱ्याला सांगावं तसं सांगितलं.

मी विचारलं, व्हेंटिलेटर किती मोकळे होते.

तीन, म्हणाल्या.

मी पुन्हा विचारलं.

तीन.

तिकडे अख्ख्या आघाडीला एक होता. जनरेटर बंद पडला की तोही नाही. मार्कर खिशात होता. त्याच्याऐवजी एक सुरी असती तर गळ्याला छेद द्यायला मला दीड मिनिट लागलं असतं. सुऱ्या मिरकरवाड्यावर हव्या तेवढ्या होत्या. हे मला आज सुचलं.

१४ डिसेंबर

आप्पांनी चहा पिताना सांगितलं. महिपतच्या गावची माणसं सावर्ड्याच्या बाजूने टेम्पो भरून आली. कोणीतरी त्यांना सांगितलं की चालकाने त्याला शेवटपर्यंत तिथंच ठेवला, नि धडधाकट बाईला आधी नेलं. त्यांनी विनोदला आवारात गाठून मारलं. डावा हात मोडला. मंडळाने त्याला कामावरून काढलं. पोलिसात हलगर्जीपणाची तक्रार गेली आहे.

"मिलिटरीच्या डॉक्टरने सांगितलं म्हणून ठेवला, असं बोलतोय म्हणे," आप्पा म्हणाले. "माणसाने स्वतःची चूक दुसऱ्यावर किती ढकलावी."

मी चहा संपवला.

१६ डिसेंबर

विनोद घरी आला. हात गळ्यात बांधलेला, ओठ फुटलेला. आप्पांनी त्याला बस म्हटलं नाही. मी म्हटलं.

तो रागावलेला नव्हता. ते अवघड गेलं. म्हणाला, बावीस वर्षं गाडी चालवतोय, एक तक्रार नाही. मुलीचं लग्न ठरतंय, तिकडच्या माणसांनी पेपर वाचलाय. मग म्हणाला, "तुमी मना सांगितलात, मी ऐकलं. तुमची चूक झाली असं मी म्हनत नाय साहेब. फक्त तुमी सांगितलात एवढं सांगा."

मी त्याचा हात बघितला. पट्टी फार घट्ट होती, बोटं निळी पडत होती. ती सोडून पुन्हा बांधली. त्याला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात त्याने आणखी दोनदा विचारलं.

मी म्हणालो, बोटं हलवत राहा.

तो उठला. फाटकाशी त्याने आप्पांना नमस्कार केला. एका हाताने.

१७ डिसेंबर

आमच्या आळीने सत्कार केला. शाल, श्रीफळ. आप्पा शेजारच्यांना म्हणाले, नारळ दिलात खरा, सोलायला मलाच लागणार. लोक हसले. मला दोन शब्द बोलायला लावले. मी म्हणालो, डॉक्टरला प्रत्येक जखमी सारखाच. टाळ्या झाल्या.

मग महिपतसाठी एक मिनिट उभं राहायचं ठरलं. मी डोळे मिटले. मिनिटभरात त्याचे श्वास मोजले. सहा. पुष्कळ असतात ते. मिनिट संपायला फार वेळ लागला.

१८ डिसेंबर

सावनी म्हणाली, विनोद आला तेव्हा मी आत भाजी चिरत होते, मला ऐकू येतं. कपाळावरच्या आकड्यांबद्दल बाजारातही बोलतात.

मग ती म्हणाली, "तिकडे कितीजणांवर शून्य काढलंस?"

"एकतीस."

"एका दिवसात?"

"एका दिवसात एकोणीस. बाकीचे पुढेमागे."

ती चिरलेल्या भाजीची पाटी घेऊन आत गेली.

एकोणिसांचा दिवस. बेघरांच्या छावणीवर तोफा पडल्या. एकशे चाळीस जण आले आणि आम्ही चौघे. मी दारात उभा राहिलो. नियम असा होता की शून्यवाल्यांना दर तासाला पुन्हा बघायचं, कारण माणूस कधीकधी तरतो आणि आकडा बदलावा लागतो. त्या दिवशी कोणाला वेळ झाला नाही. त्यांच्या तंबूत मी सहा तासांनी गेलो. एक बाई उठून बसली होती. शेजारच्या माणसाच्या तोंडावरच्या माश्या वारत होती. तो केव्हाच मेला होता. तिच्या कपाळावर माझं शून्य. तिला लगेच आत घेतलं. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच तिचा जीव गेला. सहा तास आधी घेतली असती तर गेली नसती.

हे मी पुण्याच्या डॉक्टरांना सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं. सावनीला आकडा सांगितला, बाईचं सांगितलं नाही. इथं लिहिलं.

तिकडच्या गोष्टीचा इथल्या गोष्टीशी संबंध नाही. तिकडे अडचण होती.

१९ डिसेंबर

बागेत फवारणी चालू होती. सावनी दुपारचा डबा घेऊन आली होती. शिडी घसरून एक गडी पडला आणि त्याच्या पोटरीला कोयत्याचा घाव बसला. दोन बोटं लांब, वरवरचा. तो ओरडला तसे आप्पा वरून घाईने खाली आले आणि खोडाला टेकून बसले. ओठ पांढरे, कपाळावर घाम, हात छातीवर.

मी दोघांना पाहिलं. आप्पांना ओलांडून गड्याकडे गेलो.

ओलांडूनच. पायवाट अरुंद आहे, त्यांचे पाय आडवे होते. मी माझा पाय उचलून पलीकडे टाकला. हे मला स्वच्छ आठवतं.

पट्टी बांधून मागे पाहिलं तर खोडापाशी कोणी नव्हतं. सावनी आणि दोन गड्यांनी आप्पांना गाडीत घालून नेलं होतं. तिने मला तीनदा हाक मारली असं गडी म्हणाला. मी ऐकली नाही.

आप्पा वाचले. झटका सौम्य होता, वेळेवर पोचले. संध्याकाळी मी खाटेपाशी गेलो. म्हणाले, "यज्ञेश, त्या गड्याचं कसं आहे?"

"ठीक आहे."

"आधी त्याच्याकडे गेलास ते बरं केलंस. परक्याचं पोर."

सावनी खिडकीशी उभी होती. ती वळली नाही.

मी इस्पितळातल्या मोरीत गेलो. नळ सोडून उभा राहिलो. मग मार्कर कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि खाली उतरलो. जिन्यापासून परत येऊन तो काढून घेतला. का ते सांगता येत नाही.

२० डिसेंबर

सकाळी विनोदकडे गेलो. चाळीतली खोली. मी दारातच सांगितलं, पोलिसांकडे जातोय, चला. त्याची बायको आत गेली आणि त्याचा इस्त्रीचा शर्ट घेऊन आली. एका हाताने त्याला बटणं लागेनात. तिने लावली.

ठाण्यातले साहेब भले गृहस्थ. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, कशाला गुंतताय डॉक्टर, लोक तुम्हाला देव मानायला लागलेत, या माणसाचं काही होणार नाही, वर्षभरात सुटेल. विनोद बाकावर बसून ऐकत होता.

जबाब मी माझ्या हाताने लिहिला. रुग्ण जिवंत होता. त्याला नेऊ नये हा निर्णय माझा. चालकाने हरकत घेतली, मी ती मानली नाही. चालकाने शेवटी त्याला स्वतःच्या जबाबदारीवर नेलं. साहेबांनी वाचून विचारलं, आणि का नेऊ नये म्हणालात, तेही लिहा. मी पेन कागदावर टेकवलं. चहावाला तोवर दोनदा येऊन कप घेऊन गेला. शेवटी लिहिलं, ठिकाणाबद्दल माझा गैरसमज झाला.

"म्हणजे, इस्पितळ किती लांब आहे ते माहीत नव्हतं?"

"तसंच काहीसं," मी म्हणालो.

मार्कर टेबलावर ठेवला. त्यांनी पाकिटात घालून नोंद केली.

बाहेर विनोद म्हणाला, साहेब, तुमचं आता काय होईल. मी म्हणालो, युनिटला कळवावं लागेल, पुढचं ते बघतील. तो म्हणाला, बोटं आता हलतात, आणि हलवून दाखवली.

आप्पांना मी संध्याकाळी इस्पितळात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पेपरचे उरलेले दोन अंक उशाशी होते. ते त्यांनी घडी करून गादीखाली सरकवले.

२३ डिसेंबर

महिपतची आई दुसऱ्या कोणाकडून ऐकेल त्याआधी मी सांगावं असं सावनी म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं, पण आधी ती म्हणाली. गाडी तिने चालवली. सावर्ड्याच्या बाजारात विचारत विचारत आत वळलो. तांबडा रस्ता, मग तोही संपला. पुढे मी एकटा चालत गेलो.

काल बारावं झालं होतं. अंगणात मागून आणलेली मोठी पातेली घासून उपडी घातली होती. महिपतची आई, काशीबाई, एकेकावरचं नाव शेजारच्या बाईकडून वाचून घेत होती आणि ज्याचं त्याला पाठवत होती. मी नाव सांगितलं. तिने बाईला घरी जायला सांगितलं. मला पडवीत बसवून पाणी दिलं.

मी सगळं सांगितलं. उभ्याने सांगायचं ठरवलं होतं, बसूनच सांगितलं.

तिने पाण्याचं रिकामं भांडं परत घेतलं. संपल्यावर म्हणाली, "मी इस्पितळात बाकीच्यांची कपाळं बगितली. समद्यांवर आकडे. माज्या महिपतवर पूज्य. आंगोळ घालताना पुसलं, निघंना. खोबरेल लावलं, तरी निघंना. मी शाळा नाय शिकले, पन पूज्य म्हंजे काय ता कळतं."

मी पातेल्यांकडे पाहत होतो.

"जगला असता?"

"कदाचित."

"कदाचित नको. तुमी डाक्टर हाव."

"जगला असता."

कोंबडी पडवीत आली, तिने हाताने हाकलली. मग विचारलं, "त्या डायवरचा हात मोडलान आमच्या पोरांनी. त्याच्याकडं गेलाव?"

"आधी त्याच्याकडे गेलो."

"बरं केलाव."

ती हाताच्या टेकूने उठली आणि माझ्या समोर येऊन बसली. अगदी जवळ. डोक्यावरचा पदर मागे सारून तिने कपाळ मोकळं केलं. उन्हात रापलेलं, रिकामं कपाळ.

"आता सांगा," म्हणाली. "माज्यावर कंचा काडशाल?"

मी पाहिलं. सत्तरीच्या पुढची, पायांवर सूज, उठताना लागलेला दम अजून बसला नव्हता. आकडा आला. नेहमीसारखा, चार सेकंदही न लागता.

तो मी इथं लिहीत नाही.

ती तशीच बसून होती. मी तिचा हात घेतला आणि नाडी मोजू लागलो. पूर्ण मिनिट मोजायची होती. दोनदा चुकली, दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली. हात स्थिर नव्हता.